खदानीवरच्या घारी

आत्या,

मागच्या आठवड्यात लांब कुठेतरी एक लढाऊ विमान पडलं. तुमचा नातू मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, हे बघ, आपल्याकडं पडलं हुतं तसंच." आपल्याकडचं पडलं तेव्हा तो पोटातसुद्धा नव्हता, पण या गावात जन्मलेल्या प्रत्येकाला ते विमान आपण डोळ्यांनी पाहिलंय असंच वाटतं. मी पिठाचे हात तसेच ठेवून बघितलं. शेत, काळा धूर, धावणारी माणसं. खाली लोकांनी कारणं लिहिली होती. कुणी म्हणे वैमानिकाची चूक, कुणी म्हणे यंत्र जुनं, कुणी म्हणे घातपात. विमान पडून दोन तास झाले नव्हते आणि सगळ्यांना कारण कळलेलं होतं. मला आपल्याकडच्या विमानाचं कारण वीस वर्षांत पुरतं कळलेलं नाही, आणि मी तर त्यातलंच एक कारण आहे.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्हाला वाचता यायचं, पण घरी आलेला कागद तुम्ही नेहमी माझ्याच हातात द्यायचात. "तू वाच, तुझं वाचन चांगलं हाय," म्हणायचात आणि भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचात. हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना मी दोन-चार ओळी नक्की गाळल्या असत्या. म्हणून आत्ता लिहिते आहे, तुम्ही ऐकायला नाही तेव्हा.

त्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी शेवगावची, बाजारपेठेत वाढलेली, घराखाली वडिलांचं भांड्यांचं दुकान. जामखेडच्या या कोरड्या बाजूला तुमची सून म्हणून आले तेव्हा माळावरचं ते पत्र्याचं लांबलचक शेड आणि त्याचा वास पाहून मला पहिले आठ दिवस जेवण गेलं नव्हतं. तुम्ही कोंबड्यांना कोंबड्या म्हणत नव्हता, धंद्यातल्या सगळ्यांसारखं 'पक्षी' म्हणायचात. "पक्षी दमल्यात, पानी बग." "आज चार पक्षी गेले." गेलेले पक्षी रोज सकाळी वेचून पोत्यात भरायचे, लिंबाच्या पलीकडे खणलेल्या खड्ड्यात टाकायचे, वर चुना आणि वर माती. हे काम तुम्ही स्वतः करायचात. मला कधी सांगितलं नाहीत. मी पदर नाकाला लावून लांब उभी राहायची आणि तुम्ही पोतं पाठीवर टाकून, एका हाताने गुडघा दाबत, लिंबाकडे निघून जायचात.

मग अकोल्याहून निरोप आला. नणंदेचं दुसरं बाळंतपण, आणि तिच्या घरी करायला कुणी बाई नाही. तुम्ही दोन दिवस डिंकाचे लाडू वळलेत, दुपट्यांची चळत शिवलीत. मी ते बघत होते. त्याच हिवाळ्यात मी तापाने आठवडाभर पडून होते, तेव्हा तुम्ही शेडवर होतात. शेडवर असणं भागच होतं, नवी पिल्लं आली होती, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त लाडू दिसत होते. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही लिंबाखाली नवा खड्डा खणलात, चुन्याचं पोतं शेजारी ठेवलंत आणि मला म्हणालात, "रोज टाक. वर चुना, वर माती. ठिवू नको उघडं, कुत्री उकरत्यात." मी मान हलवली.

तुम्ही गेलात आणि ऊन वाढलं. ह्यांचं तेव्हा खाद्याच्या टेम्पोवर जाणं असायचं, दिवसभर घरात नसायचे. शेडच्या जाळ्यांना पोती बांधून त्यांच्यावर पाणी मारायचं, ते सुकलं की पुन्हा मारायचं, एवढंच दिवसभर करत होते तरी पक्षी मरत होते. एका दुपारी अख्खं पोतं भरलं. पहिले चार-पाच दिवस मी खड्ड्यापर्यंत गेले. मग एका दिवशी शेडच्या मागेच असलेल्या जुन्या मुरमाच्या खदानीच्या काठावर उभी राहिले आणि पोतं उलटं केलं. दुसऱ्या दिवशी परत. पुढचे दोन दिवस तेच. ह्यांनी विचारलं, "खड्ड्यात टाकतीस न्हवं?" मी "हो" म्हणाले. आधी एक घार आली. मग दहा आल्या. चौथ्या दिवशी इतक्या झाल्या की मोजता येईनात, एकीच्या वर एक, पंख न हलवता, गोल गोल. खरं सांगू का आत्या, पाणी मारता मारता मी त्यांच्याकडे बघत बसायची. मला त्या बघायला आवडायच्या.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तुम्ही काळ्यापिवळ्या जीपमधून उतरलात. डोक्यावर तिकडच्या तांदळाची पिशवी, चेहरा प्रवासाने काळवंडलेला. नातू झाला हे सांगायच्या आधी तुम्ही वर बघितलंत आणि विचारलंत, "खदानीवर घारी कशाच्या गं जमल्यात?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. जास्त वेळ नाही. पिशवी ओट्यावर ठेवलीत आणि पाणी मागितलंत. पेला तुमच्या हातात होता तेव्हा ते आलं.

विमानं आपल्यावरून नेहमी जायची. आठवड्यातून एक-दोनदा, जोडीने, खालून, आणि ती गेल्यावर मागून आवाज येऊन फळीवरची भांडी वाजवायचा. त्या दिवशी एकच होतं. डोंगराच्या बाजूने मावळतीकडे, उन्हात घुसत चाललेलं. खदानीवरचं घारींचं रिंगण मध्येच फुटलं. एक दणका झाला, आणि नंतर विमानाच्या आतून जो आवाज आला तो मिक्सरमध्ये खडा गेल्यावर येतो तसा होता, पण आभाळभर. मागून जाळ निघाला. शाळा, देऊळ, वस्तीवरची घरं, सगळं त्याच्या नाकासमोर होतं. ते जड झाल्यासारखं थोडं वर चढलं, डावीकडे कललं, ओढ्याच्या पलीकडे वळलं, आणि तिथे पोचल्यावर त्यातून काहीतरी वर उडालं. पुढच्या क्षणी माळावर आगीचा डोंब. वैमानिकाची छत्री उघडलेली मला दिसली, तुम्हाला नाही, कारण तुम्ही तोवर धावत सुटला होतात. ज्या बाईला गुडघ्यामुळे मांडी घालता येत नव्हती ती बाई ढेकळांतून धावत होती आणि मी मागे राहत होते.

तो आपल्याच तुरीच्या रानात, काढून झालेल्या खुंटांमध्ये पडला होता. कोवळा होता हो. डोक्यावरचं शिरस्त्राण बाजूला, ओठ फुटलेला, डोळे उघडे. तोवर पाच-सहा गडी पोचले होते आणि त्याला उचलून पिकअपमध्ये घालायचं म्हणून हात घालत होते. तुम्ही ओरडलात. तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "हात लावू नका! कुनी हात लावू नका त्याला!" सरपंच म्हणाले, "आवं, दवाखान्यात न्यायला नको का?" तुम्ही त्याच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन बसलात. "आमच्या घरात असंच उचललं हुतं. हिरीतनं काडलं आन् गाडीत टाकलं. सात वर्सं खाटंवर बगितलंय मी. त्याची मानसं येऊ द्या, त्येच उचलतील."

मामांबद्दल, म्हणजे सासऱ्यांबद्दल, मी तोवर फक्त एवढंच ऐकलं होतं की ते विहिरीत पडले आणि अंथरुणाला खिळले. उचलण्यामुळे पाय गेले असं तुम्ही मानत होता, हे मला त्या रानात, सगळ्या गावासमोर कळलं.

तुम्ही मला शेडची ओली पोती सोडून आणायला पिटाळलंत. तीन गड्यांनी आणि मी चार कोपरे धरून त्याच्यावर सावली केली, तुम्ही खाली बसून त्याच्या कपाळावर ओला पदर ठेवत राहिलात. त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं ते हिंदीत, गावात कुणाला लागलं का विचारायला. तुम्ही म्हणालात, "न्हाई बाबा, कुनाला न्हाई. एकाची कडब्याची गंजी जळाली, तेवडंच. तू हलू नको." त्याला मराठी येत नव्हतं, पण तो हलला नाही. हेलिकॉप्टर यायला तास लागला असेल. तो तासभर घारी आमच्या डोक्यावर होत्या, आणि मी एक कोपरा धरून उभी होते, आणि वर बघत नव्हते.

दोन दिवसांनी हवाई दलाचे लोक आले, माळावर दोऱ्या बांधल्या, एकेक तुकडा वेचून त्यावर खुणा करत बसले. चौथ्या दिवशी गावाला शाळेच्या खोलीत बोलावलं. त्यांच्यात एक साहेब मराठी होते, पिकल्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांनी सांगितलं की इंजिनात पिसं सापडली आहेत, आणि विचारलं, "इथे जवळपास पक्षी कुठे जमतात?" सरपंच गोंधळून म्हणाले, "पक्षी शेडातच असत्यात की साहेब, भाईर कशाला येतील?" माणसं हसली. साहेबही हसले, आणि मग त्यांनी नीट विचारलं, की घारी, गिधाडं, मेलेली जनावरं उघड्यावर टाकण्याची जागा. ज्याने खदानीवरच्या घारी बघितल्या नव्हत्या असा त्या खोलीत एक माणूस नव्हता. सरपंच म्हणाले, "न्हाई साहेब, तसलं आमच्या गावात काई न्हाई." हे पलीकडे गड्यांत मान खाली घालून बसले होते. मी हात साडीत लपवले.

तुम्ही बायकांच्या मागच्या रांगेतून उठलात. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावून.

"हाय साहेब," तुम्ही म्हणालात. "खदानीत आमच्या शेडातली मेलेली कोंबडी पडल्यात. मीच टाकली."

"कधीपासून?"

"चार-पाच दीस झालं असतील तवा."

त्या चार-पाच दिवसांत तुम्ही इथून शंभर-दीडशे कोसांवर बाळाला न्हाऊ-माखू घालत होतात. नऊ दिवस तुम्ही गावात नव्हता हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जीपवाला तिथेच दाराला टेकून उभा होता. कुणीही तोंड उघडलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

नंतर ते खदान बघायला आले तेव्हा तुम्ही मला बरोबर घेतलंत. रुमाल नाकाला न लावता ते काठावर उकिडवे बसले. म्हणाले, "बाई, विमान एकाच कारणाने पडत नाही. त्या दिवशी ते इतक्या खालून उडत होतं कारण तो सरावच खालून उडण्याचा. ऊन डोळ्यांवर. विमानाला इंजिन एकच. त्यात घार गेली. यातलं एक जरी वेगळं असतं तरी पोरगा घरी गेला असता, विमानासकट."

तुम्ही विचारलंत, "मंग आमची कोंबडी हितं नसती तर?"

त्यांनी खाली खदानीत बघितलं. "तर घारी नसत्या," म्हणाले. त्यांनी तुम्हाला खोटा धीर दिला नाही, आणि तुम्ही मागितलाही नाहीत. उठताना एवढं म्हणाले की आम्ही हे शिक्षेसाठी लिहीत नाही, पुढचं पडू नये म्हणून लिहितो. तुम्ही सांगितलं नसतं तर पिसं सापडली एवढ्यावरच थांबलो असतो. मग तुमच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं. त्यांनाही कळलं होतं, असं मला आता वाटतं.

मी वाट बघत होते तुम्ही मला कधी बोलता याची. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपुढे भाकरी थापत होतात, मी तव्याजवळ होते. परातीतून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "लेकीकडं गेले म्हनून राग आल्ता व्हय?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाले, "आत्या, विमान दहा मिनिटांत आलं. मी सांगितलं असतं तरी..."

"इमानाचं न्हाई बोलत मी. त्याचं साहेब बगून घेतील. आपल्या दोगींचं बोलते." तुमचा हात थांबला नव्हता, भाकरी फिरत होती. "मी दारात उबी हुते, डोक्यावरची पिशवी खाली ठिवली न्हाई, आन् तू मला 'माहीत न्हाई' म्हनलीस. या घरात आपन दोगीच बाया. मी इचारलं तर मला खरं सांगत जा. मी कुनाला सांगनार न्हाई."

मी रडायला लागले. तुम्ही जवळ घेतलं वगैरे नाही. भाकरी तव्यावर टाकलीत आणि म्हणालात, "पानी फिरव वरून. जाळ मोठा हाय, करपंल." थोड्या वेळाने मी विचारलं की मग तुम्ही स्वतःचं नाव का सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "तू नवी हाईस. तुला हितं पन्नास वर्सं काडायचीत. माझी किती ऱ्हायली?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही मला हाक मारलीत आणि आपण दोघी खदानीत उतरलो. फावड्याने जे ओढता आलं ते ओढलं, दोन दिवस लागले. त्यानंतर रोज सकाळी पोत्याचं एक टोक तुमच्या हातात आणि एक माझ्या. चुना कसा फेकायचा म्हणजे डोळ्यांत जात नाही, ते तुम्ही मला दाखवलंत. ज्या कंपनीची पिल्लं आपण वाढवायचो तिने दोन वेळा पिल्लं टाकली नाहीत, शेड रिकामं राहिलं. हे महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाहीत. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी ते तुमच्यावरच रुसले, कारण आईवर रुसणं सोपं असतं. मग एके दिवशी त्यांनी न सांगता लिंबाखाली पुरुषभर खोल खड्डा खणला आणि वर पत्र्याचं झाकण केलं, आणि तुमच्याशी बोलायला लागले.

पण गाव नाव ठेवल्याशिवाय राहतं का? आधी 'इमान पाडलेली म्हातारी', मग नुसतीच 'इमानवाली'. शाळेतली पोरं तुम्हाला बघून हात पसरून विमानासारखी पळायची. लग्नात, बारशात, बायका हसत म्हणायच्या, "इमानवाल्या आत्या, वर बगू नका, एखादं पडंल." तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. एकदा जत्रेत कुणा बाहेरगावच्या बाईने खरंच विचारलं की तुम्ही पाडलं म्हणजे काय केलं, तेव्हा तुम्ही तिला बसवून घेऊन सगळं सांगितलंत, उघड्यावर मेलेलं टाकू नये का ते, घारी कशा येतात ते, इंजिन एकच असतं ते. त्या साहेबांनी सांगितलेलं तुम्ही शब्दाला शब्द लावून लक्षात ठेवलं होतं. मी शेजारी बांगड्या बघत होते.

दीड वर्षाने तो पोरगा आला. काठी टेकत, पण चालत. बरोबर त्याची आई. माझा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता. पुण्याच्या दवाखान्यात पडून पडून तो थोडं मराठी शिकला होता. त्याने सांगितलं की आसनासकट बाहेर फेकलं जाताना मणक्याला दणका बसतो, त्याचा एक मणका चेपला होता, आणि डॉक्टर म्हणाले की तुला कुणी उचललं असतं तर पाय गेले असते. आता तो लढाऊ विमान चालवणार नव्हता, ते त्याच्या पाठीला झेपणार नव्हतं. माल वाहणारी मोठी विमानं चालवायला मिळतील अशी आशा होती. हे सांगताना तो हसला, आणि त्याची आई दुसरीकडे बघायला लागली.

तुम्ही त्याला बसू पण दिलं नाहीत. "बाबा, ती कोंबडी आमची हुती. तुजी पाठ आमच्यामुळं गेली."

तो म्हणाला, "पाठ तुमच्यामुळे राहिली, माँजी."

मग तो खदानीच्या बाजूला वळला. म्हणाला, घारी त्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसल्या होत्या. त्याला अजून रोज वाटतं, थोडा आधी बघितल्या असत्या तर, थोडा वर असतो तर. साहेबांनी चौकशीत त्याची चूक नाही असं लिहिलं, तरी वाटतं. मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. माझं बाळ त्या पाहुण्या बाईंच्या मांडीवर होतं. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, आत्या. मी "दादा" एवढं म्हणालेही. तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, "चहा निवतोय, दे त्यास्नी." मी दिला. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्ही मला थांबवलंत. तुम्ही थांबवलं हे खरं. पण मी किती पटकन थांबले, हेही खरंच.

त्याची आई आणि तुम्ही स्वयंपाकघरात तासभर बसलात. तिला मराठी येत नव्हतं, तुमची हिंदी आठवडी बाजारातली. तिने तुमच्यासाठी स्वतः विणलेली लोकरीची शाल आणली होती, इकडच्या उन्हाळ्यात! तुम्ही ती तिथल्या तिथे अंगावर घेतलीत, घाम निथळत असताना, आणि ती बाई हसता हसता तुमच्या गळ्यात पडून रडली. त्या दोघांना तुम्ही जाताना पायलीभर ज्वारी बांधून दिलीत.

तुमचं शेवटचं आजारपण आठच दिवसांचं. नगरच्या दवाखान्यात मी तुमच्याजवळ होते. एका सकाळी मी धीर करून म्हणाले, "आत्या, ते खदानीचं..." तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "शेडात पानी दिलं का कुनी?" मी म्हणाले, दिलं. त्यावर तुम्ही मान हलवलीत, आणि ते तिथेच राहिलं.

परवा पुन्हा शाळेत सभा झाली. मागच्या आठवड्यातल्या बातमीमुळे नाही, ती आधीच ठरली होती. ज्या गावांवरून विमानं खालून जातात तिथे हवाई दलाचे लोक आता येऊन सांगतात, की मेलेली जनावरं, कोंबड्यांचा कचरा उघड्यावर टाकू नका. आता आपल्या भागात शेडं लई झालीत, आणि कोंबड्या पाळणाऱ्या बायकांचा जो गट आहे त्याची मी अध्यक्ष आहे, म्हणून ग्रामसेवकांनी मला पुढे बसवलं. एक तरुण मुलगी आली होती, हवाई दलाच्या गणवेशात. तिने पडद्यावर चित्रं दाखवली, पक्षी शिरल्यावर वाकडी झालेली इंजिनाची पाती. ती सांगत होती की विमानं नाना कारणांनी पडतात. यंत्र बिघडतं, ढगात गेल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेनासं होतं, माणूस थकलेला असतो, दुरुस्तीत एखादा नट सैल राहतो. यातलं बरंचसं आमच्या हातात आहे, म्हणाली, थोडंसं तुमच्या. मग तिने विचारलं, इथे पूर्वी असा अपघात झाला होता ना, कुणाला आठवतंय का?

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांच्या सासूनं पाडलं हुतं की," आणि माणसं हसली. चांगल्या मनाने हसली. तुमच्याबद्दल आता कुणी वाईट मनाने बोलत नाही.

मी उभी राहिले. म्हणाले, "माझ्या सासूबाईंनी नाही. त्या तेव्हा गावात नव्हत्या. कोंबडी मी टाकली होती. चार दिवस, खदानीत, खड्डा खणलेला असताना."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. कुणी चकित होईल, कुणी शिवी देईल. तसलं काही झालं नाही. मग जीपवाल्याची म्हातारी, तुमच्याबरोबर भिशीत होती ती, पुढच्या रांगेतून म्हणाली, "ते आमाला म्हाईत हाय की गं. तुजी सासू तवा अकोल्याला गेल्ती. माज्याच मालकानं आनली तिला जीपमधून."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तिनं सांगितलं हुतं, नका बोलू म्हनून. घरोघर येऊन सांगून गेली. नवी हाय, म्हनली, माज्या माघारी तिला ह्या गावात ऱ्हायचंय."

त्या गुडघ्यांनी घरोघर, आत्या. वस्तीवरसुद्धा? मी विचारलं नाही, मला विचारवेना. खाली बसले. ती गणवेशातली मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मग तिने पुढचं चित्र लावलं. सभा संपल्यावर तिने मला विचारलं की हे सगळं लिहून देता का, बाकीच्या गावांना वाचून दाखवू. मी तिला दीड पान लिहून दिलं. त्यात घारी आहेत, खदान आहे, ओली पोती आहेत, तुमचं उठून उभं राहणं आहे.

हे उरलेलं तुमच्यासाठी. कुठे पाठवायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. सगळ्यांना वाटतं की त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी उभ्या राहिलात तेव्हापासून मी तुम्हाला जीव लावला. मीही स्वतःला तसंच सांगत आले, परवाच्या दीड पानातही तसंच लिहिलंय. पण ते नंतर झालं, हळूहळू, पोत्याचं दुसरं टोक धरून चालताना कधीतरी. त्या दिवशी शाळेच्या खोलीत तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून उठलात आणि "मीच टाकली" म्हणालात, तेव्हा तुम्ही मला आवडत नव्हता. माझ्या मनात फक्त एवढंच आलं होतं, की सुटले.